गारव्याचा हिशेब

उन्हाळा हा आजवर आपल्याकडे सोसण्याचा विषय होता, धोरणाचा नव्हता. माठ, वाळ्याचे पडदे, दुपारची मिटलेली खिडकी आणि संध्याकाळची गच्ची एवढ्या सामग्रीवर आपल्या मागच्या पिढ्यांनी वैशाख निभावून नेला. सिमेंटच्या दाटीत वाढलेल्या आजच्या शहरांना तेवढ्यावर निभावता येत नाही, हे आता कोणी सांगावयास नको. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या शीतकरणविषयक राष्ट्रीय कृती आराखड्यात असा अंदाज दिला आहे की, २०१७-१८ च्या मानाने २०३७-३८ पर्यंत देशाची शीतकरणाची एकूण गरज सुमारे ८ पट होईल, आणि त्यातही इमारतींची गरज जवळजवळ ११ पट वाढेल. हे आकडे निम्मे खरे ठरले तरी त्यांचा भार वीजकेंद्रांवर, पाणीपुरवठ्यावर आणि अखेरीस नागरिकांच्या खिशावर पडणार, हे उघड आहे. म्हणूनच वरकरणी केवळ अभियंत्यांचा वाटणारा एक प्रश्न आज आम्ही पहिल्या पृष्ठावर घेत आहोत.

घरोघर आणि कचेरीकचेरीत स्वतंत्र वातानुकूलन यंत्र बसविण्याऐवजी एका मध्यवर्ती केंद्रात पाणी थंड करावे, जमिनीखालच्या वेष्टित नळांतून ते वस्तीभर फिरवावे आणि इमारतींतील उष्णता घेऊन आलेले पाणी पुन्हा केंद्रात थंड करावे, या पद्धतीस इंग्रजीत ‘डिस्ट्रिक्ट कूलिंग’ म्हणतात. आपण तिला सामुदायिक शीतकरण म्हणू. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात १९६२ साली अशा व्यापारी पुरवठ्यास प्रारंभ झाला. पॅरिसमध्ये १९९१ पासून सीन नदीच्या पाण्याची मदत घेऊन अशी व्यवस्था चालते. सिंगापूरच्या मरीना बे भागात २००६ पासून शीतकेंद्र चक्क जमिनीच्या पोटात आहे. टोरांटोने २००४ पासून ऑन्टॅरिओ सरोवराच्या तळाजवळचे सुमारे ४ अंशांचे पाणी या कामी लावले. आपल्या देशात गांधीनगरजवळच्या ‘गिफ्ट सिटी’ने हा मार्ग पत्करला आहे. महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाखाली ज्या भारतीय शहरांची या दृष्टीने प्राथमिक पाहणी झाली, त्यांत ठाणे व पुणे ही दोन शहरे होती.

या व्यवस्थेचे गुण खरे आहेत. मोठे यंत्र लहान यंत्रापेक्षा कमी विजेत अधिक काम करते. सर्व इमारतींची कमाल गरज एकाच क्षणी येत नसल्याने एकत्रित यंत्रणा लहान असली तरी पुरते. रात्रीच्या स्वस्त विजेवर बर्फ किंवा थंड पाणी साठवून ते दुपारी वापरता येते. शिवाय, खिडकीखिडकीतून रस्त्यावर फेकली जाणारी गरम हवा थांबते. ज्याच्या घरी यंत्र नाही अशा फेरीवाल्यास, हमालास आणि बसच्या रांगेतील प्रवाशास आज शेजाऱ्याच्या गारव्याची किंमत स्वतःच्या घामाने मोजावी लागते. तिच्यातून त्याची थोडीबहुत सुटका होईल. सामुदायिक शीतकरणाच्या बाजूने बोलताना हा मुद्दा फारसा कोणी मांडीत नाही. आमच्या मते तोच सर्वांत वजनदार आहे.

आता या व्यवस्थेस एका नव्या विद्येची जोड मिळावी, असे सांगितले जाऊ लागले आहे. ही विद्या नॅनोद्रवांची. धातूचे किंवा धातूच्या ऑक्साइडाचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही बारीक कण, पाण्यात समप्रमाणात विखरून ठेवले की ते मिश्रण साध्या पाण्यापेक्षा उष्णता अधिक चांगली वाहते, हे तिचे मूळ तत्त्व होय. तांब्याची उष्णतावाहकता पाण्याच्या साडेसहाशे पटींहून अधिक असते. तेव्हा पाण्यात थोडे तांबे मिसळले तर पाणीच सुधारेल, हा विचार कोणासही पटण्याजोगा आहे. शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील स्टीफन चोई यांनी १९९५ साली या मिश्रणांना ‘नॅनोफ्लुइड’ हे नाव दिले. २००१ साली चोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एथिलीन ग्लायकॉलमध्ये आकारमानाने अवघे ०.३ टक्के तांब्याचे कण घातले असता उष्णतावाहकता ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याची नोंद आहे. मद्रासच्या आयआयटीतील सरित कुमार दास आणि टी. प्रदीप या शास्त्रज्ञांनीही या क्षेत्रात महत्त्वाचे काम केले. चोई व वेनहुआ यू यांच्यासह त्यांनी लिहिलेला या विषयावरील ग्रंथ २००७ साली प्रसिद्ध झाला. या विद्येत भारतीय बुद्धीचा वाटा आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

परंतु अभिमान ही एक गोष्ट आणि सार्वजनिक पैशाचा विनियोग ही दुसरी. विज्ञानाची खरी थोरवी तिथे दिसते, जिथे ते स्वतःच्याच दाव्यांची फेरतपासणी करते. नॅनोद्रवांच्या बाबतीत ती झाली आहे. जगातील ३० हून अधिक संस्थांनी एकाच प्रकारचे नमुने वाटून घेतले, आपापल्या साधनांनी मोजले आणि २००९ साली निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध केले. त्यात असे आढळले की, कणांचे प्रमाण वाढेल तशी वाहकता वाढते हे खरे. पण ही वाढ जुन्या सिद्धांताने सांगितली असती तेवढीच असते. तपासलेल्या नमुन्यांत चमत्कार म्हणावा असे काही सापडले नाही. या सिद्धांताचा पाया मॅक्सवेलने १८७३ साली घातला होता. त्याचा साधा अर्थ असा की, पाण्यात आकारमानाने १ टक्का सुवाहक गोल कण घातले तर वाहकता सुमारे ३ टक्क्यांनी वाढते, ४० टक्क्यांनी नव्हे. आणि त्याच १ टक्क्याने पाण्याचा चिकटपणा किमान अडीच टक्क्यांनी वाढतो, हे आइन्स्टाइनने १९११ साली दाखवून ठेवले आहे. प्रत्यक्षात कण एकमेकांना बिलगू लागले की चिकटपणाची वाढ याहून जास्त होते.

इथे एक भेद वाचकांनी ध्यानात घ्यावा, अशी आमची विनंती आहे. कारण या विषयावरील बहुतेक गोंधळ तो न कळल्यामुळे होतो. उष्णता चटकन देणे-घेणे हे एक काम आहे आणि ती दूरवर वाहून नेणे हे दुसरे. टपालवाला दारात पत्र किती लवकर हाती देतो हा एक प्रश्न झाला. त्याच्या पिशवीत किती पत्रे मावतात हा अगदी वेगळा. वाहकता वाढली तर पहिले काम थोडे सुधारते. सामुदायिक शीतकरणात मात्र पाण्याला मैल-दोन मैल उष्णता वाहून न्यावयाची असते, आणि तिथे प्रश्न पिशवीचा असतो. उष्णता साठविण्याच्या गुणात पाण्याची बरोबरी करणारे पदार्थ फार थोडे. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण मिसळलेले एक लिटर पाणी साध्या लिटरभर पाण्यापेक्षा किंचित कमीच उष्णता वाहते. म्हणजे दारातली घाई थोडी वाढली, पण पिशवी लहान झाली.

बरे, दारातली घाई तरी किती वाढते? शीतकेंद्रातील यंत्रात पाण्याची उष्णता आधी नळीच्या भिंतीस, मग भिंतीतून पलीकडच्या शीतक द्रव्यास मिळते. या वाटेवरचा सारा अडथळा काही पाण्याच्या बाजूस नसतो. उदाहरणादाखल तो निम्मा पाण्याच्या बाजूस आहे, आणि नॅनोद्रवाने त्या बाजूची उष्णता-देवघेव १० टक्क्यांनी सुधारली, असे उदारपणे धरू. तरी एकूण सुधारणा सुमारे ५ टक्केच भरते. पाणी आणि शीतक द्रव्य यांच्या तापमानांत सरासरी ४ अंशांचे अंतर असेल तर ते त्यामुळे सुमारे ०.२ अंशाने घटते. शीतक द्रव्य एका अंशाने अधिक तापमानावर चालविता आले तर यंत्राची वीज ढोबळ मानाने २ ते ३ टक्के वाचते. ०.२ अंशाने वाचेल ती अर्धा टक्का. या अर्ध्या टक्क्यातून पंपावर वाढलेला भार वजा करावयाचा आहे, हे विसरून चालणार नाही. आणखी एक गोष्ट. दास यांच्याच २००३ सालच्या प्रयोगांत असे दिसले होते की, द्रव जसा तापतो तसा या कणांचा प्रभाव वाढतो. तसे असेल तर ५-७ अंशांचे गार पाणी हे त्यांना सर्वांत प्रतिकूल ठिकाण म्हटले पाहिजे.

आता व्यवहाराचा हिशेब. १ टक्का म्हणजे थोडे, असे कानाला वाटते. पण एका घनमीटर पाण्यात १ टक्का अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे सुमारे ४० किलो. एखाद्या जाळ्यात १०,००० घनमीटर पाणी फिरत असेल तर सुमारे ४०० टन सूक्ष्म भुकटी विकत घ्यावी लागेल. ती नुसती ओतून भागत नाही. तिचे गठ्ठे होऊ नयेत, ती तळाशी बसू नये, म्हणून वेगळी रसायने घालावी लागतात आणि त्यांचा गुण टिकून आहे की नाही यावर वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते. गंज आणि शेवाळ आवरण्यासाठी पाण्यात आधीच घातलेल्या औषधांशी त्यांचे जमेल का, गाळण्या तुंबतील का, पंपांची पाती आणि वळणावरचे नळ झिजतील का, हे प्रश्न आहेतच. आणि आपल्या रस्त्यांखालचा कोणता नळ कधीच गळत नाही? पाणी गळले तर जमिनीत पाणी मुरते. नॅनोद्रव गळला तर काय मुरते, याचे उत्तर नळ पुरण्यापूर्वी मिळावयास हवे.

या साऱ्यावरून आम्ही नव्या विद्येचे वैरी आहोत, असा समज कोणी करून घेऊ नये. जिथे वाट अरुंद आहे, प्रवाह संथ आहे आणि मूळ द्रवच मंद वाहक आहे, तिथे नॅनोद्रवांना खरा वाव आहे. विद्युत्-उपकरणे गार ठेवणाऱ्या बारीक नलिका किंवा ग्लायकॉल फिरविणारी छोटी बंदिस्त मंडले ही अशी ठिकाणे होत. शीतकेंद्रातही त्यांची एक जागा दिसते, ती म्हणजे थंडावा साठविण्याच्या टाकीत. पाणी किंवा तत्सम द्रव्य गोठनबिंदूखाली गेले तरी कधी कधी गोठण्यास कचरते. सूक्ष्म कण त्या गोठण्यास बीजासारखे उपयोगी पडतात आणि यंत्राला विनाकारण अधिक खालच्या तापमानापर्यंत जावे लागत नाही. अशी टाकी एका जागी असते, तिच्यावर नजर ठेवता येते आणि बिघडली तर ती रिकामी करता येते. प्रयोग करावयाचा तर तो तिथे करावा. शहराच्या रस्त्याखाली पसरलेले जाळे ही प्रयोगशाळा नव्हे.

आमचा मुख्य आक्षेप नॅनोद्रवावर नाही. त्याच्या निमित्ताने मूळ दुखणे झाकले जाण्यावर आहे. सामुदायिक शीतकरणाचे मूळ दुखणे कोणते, हे ती चालविणारे सर्व अभियंते जाणतात. केंद्रातून ५ अंशांचे पाणी निघाले आणि ते इमारतींतून १४ अंशांचे होऊन परतले, तर प्रत्येक लिटरने ९ अंशांचे काम केले. पण इमारतीतील झडपा बिघडलेल्या असतील, उष्णता घेणाऱ्या जाळ्यांवर धूळ साचली असेल, पाणी काम न करताच आडवाटेने परत वळत असेल, तर तेच पाणी ११ अंशांवर परतते. ९ ऐवजी ६ अंशांचे काम झाले म्हणजे तेवढ्याच थंडाव्यासाठी दीडपट पाणी फिरवावे लागते. आणि त्याच नळातून दीडपट पाणी ढकलण्यास पंपाची शक्ती तिपटीहून अधिक लागते, कारण ती प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एकीकडे औषधी पाण्याने मिळणारा अर्धा टक्का, दुसरीकडे नादुरुस्त झडपांनी गमावलेली पंपाची दोन तृतीयांश वीज. अशा वेळी भुकटी शोधीत बसणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार होय. काही ठिकाणी पाणी पुरेसे न तापविता परत करणाऱ्या ग्राहकास जादा आकार लावतात. हा उपाय नीरस आहे. त्याच्यावर परिसंवाद भरत नाहीत. पण तो लागू पडतो.

दुसरे दुखणे पाण्याचे. शीतकेंद्राने गोळा केलेली उष्णता कूलिंग टॉवरमधून बाहेर टाकताना पाण्याची वाफ होते. एक टन शीतकरण तासभर चालले की साधारण ६ लिटर पाणी हवेत जाते. हा ‘टन’ बर्फाच्या व्यापारातून आलेला. एक अमेरिकन टन बर्फ दिवसभरात वितळताना जेवढी उष्णता घेते, तेवढी त्याची क्षमता. १०,००० टनांचे केंद्र दिवसाला १० तास पूर्ण क्षमतेने चालले तर ६ लाख लिटर पाणी उडून जाईल. दरडोई १३५ लिटरांच्या प्रमाणाने हे सुमारे साडेचार हजार माणसांचे रोजचे पाणी झाले. ज्या शहरांत मे महिन्यात पाणीकपातीची जाहीर सूचना ठरलेली असते, तिथे पिण्याचे पाणी गारव्यासाठी उडविण्याची मुभा असता कामा नये. शुद्ध केलेले सांडपाणीच या कामी वापरले जाईल, ही अट पहिल्या कागदावर हवी. तिसरे दुखणे इमारतींचे. पश्चिमेकडे काचेची भिंत उभारावयाची आणि मग तिने आत घेतलेले ऊन विजेने बाहेर काढावयाचे, हा उद्योग किती काळ चालू द्यावयाचा? ज्या उन्हाला आत शिरूच दिले नाही, ते बाहेर काढण्यास कोणत्याही द्रवाची गरज पडत नाही.

मग करावे काय? आमची सूचना अशी. नॅनोद्रव विकू पाहणाऱ्यांना दार बंद करू नये. त्यांना परीक्षेस बसवावे. एखाद्या चालू केंद्रात सारख्या क्षमतेची दोन यंत्रे शेजारी शेजारी चालवावीत, एकाच्या बंदिस्त मंडलात साधे पाणी, दुसऱ्याच्या मंडलात नॅनोद्रव. ही तुलना उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा धरून पूर्ण वर्षभर व्हावी. मोजमाप विक्रेत्याने करू नये. मुंबईची व्हीजेटीआय, पुण्याचे सीओईपी किंवा पवईची आयआयटी यांसारख्या संस्थांकडे ते सोपवावे. मोजावयाचे काय, तर ग्राहकाच्या दारी पोहोचलेल्या प्रत्येक टन-तासामागे पंपासकट किती युनिट वीज लागली, एवढेच. वर्षअखेर मिश्रणात किती कण तरंगते राहिले आणि किती तळाशी गेले, हेही नोंदवावे. निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते प्रसिद्ध व्हावेत. निविदेत द्रवाचे नाव असू नये. विजेची कमाल मर्यादा असावी आणि ती ओलांडली तर भुर्दंड कंत्राटदाराने सोसावा. द्रव बदलण्याची वेळ आली तर जुन्याची विल्हेवाट कोणी, कशी आणि कोणाच्या खर्चाने लावावयाची, हे करार करतानाच ठरावे.

ही दक्षता कोणास अनाठायी वाटेल, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. घरातले यंत्र मनासारखे चालले नाही तर आपण ते बदलतो. सामुदायिक शीतकरणाचा ग्राहक तसे करू शकत नाही. रस्त्याखालचा नळ एकच, पुरवठादार एकच आणि करार वीस-तीस वर्षांचा. पॅरिसने २०२२ पासून दिलेला नवा परवाना वीस वर्षांचा आहे. इतक्या दीर्घ मुदतीत आज बसविलेली चूक दरात मुरते आणि पुढच्या पिढीच्या बिलात निघते. ज्यांना तिथे राहावयाचे आहे आणि बिल भरावयाचे आहे, त्यांना आज प्रश्न विचारण्याचा अधिकार नसेल तर तो उद्या असून उपयोग नाही.

ठाणे-पुण्यासारख्या शहरांत हा विषय उद्या महापालिकांच्या सभागृहांत येईल, तेव्हा सदस्यांपुढे रंगीत चित्रे ठेवली जातील आणि कार्यक्षमतेचे टक्के सांगितले जातील. त्या वेळी त्यांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत: हे टक्के कशाचे, वाहकतेचे की वीजबिलाचे? ते कोणी मोजले? आणि ते खरे ठरले नाहीत तर पैसे कोण परत करणार? या तीन प्रश्नांना सरळ उत्तरे देणाऱ्या योजनेस, तिच्या नळात साधे पाणी असो वा नॅनोद्रव, आम्ही मनःपूर्वक पाठिंबा देऊ. शहरांना गारवा हवा आहे आणि तो सामुदायिक मार्गाने देणे शक्य आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. झडपा दुरुस्त ठेवणे, सांडपाणी शुद्ध करून वापरणे, भिंतींना सावली देणे आणि मीटरचे आकडे लोकांपुढे ठेवणे ही कामे आजच्या ज्ञानावर आजच सुरू करता येतील. त्यांसाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही.